सूर्योदयापुरती सायकल

परगावच्या पाहुण्याला मुंबई दाखवायची म्हटली की पूर्वी एकच मार्ग असे. 'मुंबई दर्शन'च्या बसमध्ये त्याला बसवून द्यायचे आणि संध्याकाळी गेटवेजवळ उतरवून घ्यायचे. पुढे उघड्या टपाच्या दुमजली बस आल्या, वारसा इमारतींभोवतीच्या पायी फेऱ्या सुरू झाल्या, आणि गेल्या काही वर्षांत सायकलवरील मार्गदर्शित सहलींनीही या शहरात चांगले मूळ धरले आहे. ठरावीक रक्कम भरायची, सायकल व हेल्मेट ताब्यात घ्यायचे आणि वाटाड्याच्या मागोमाग तीन तासांत दहा-पंधरा किलोमीटर फिरून यायचे, असे तिचे साधारण स्वरूप. परदेशी पर्यटकांसाठी सुरू झालेल्या या प्रकारात आता मुंबईकरही हौसेने भाग घेतात. आपण जन्मभर ज्या रस्त्यांवरून गेलो ते रस्ते प्रथमच नीट दिसले, असे त्यांतील अनेकांचे म्हणणे असते.

हा अनुभव खोटा नाही. ससून डॉकमध्ये पहाटे चालणारा मासळीचा लिलाव बसच्या खिडकीतून दिसत नाही. १८७५ मध्ये बांधलेल्या या गोदीत आजही टोपल्यांची आणि बर्फाची तीच लगबग चालते. तेथून गेटवे, काळा घोडा आणि हुतात्मा चौक मागे टाकून हॉर्निमन सर्कलच्या वळणावर आले, की १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाऊन हॉलच्या पायऱ्या समोर येतात. फोर्टच्या पदपथांवर विक्रेते वर्तमानपत्रांच्या पुरवण्या घालीत बसलेले असतात. पुढे जागतिक वारशाचा मान २००४ मध्ये मिळालेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, त्यानंतर १८६९ची क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा फुले मंडई, आणि मग मुंबादेवी, भुलेश्वरची फूल गल्ली व १८३४ पासून चालत आलेला पांजरपोळ. गिरगावातून चौपाटीवर उतरावे आणि मरीन ड्राइव्हच्या कडेने परतावे. एवढ्या थोड्या अंतरात किल्ल्याबाहेर वाढलेल्या शहराचे दोन शतकांचे थर उलगडतात. पायी चालणाऱ्याला एवढा पल्ला एका सकाळी झेपत नाही, मोटारीतल्याला त्यातले काही उमगत नाही. सायकलची गती या दोहोंच्या मधली असते आणि शहर समजून घेण्यास ती नेमकी पुरते.

तथापि या सहलींचे वेळापत्रक पाहिले की मनात वेगळाच प्रश्न उभा राहतो. बहुतेक सहली सकाळी सहाच्या सुमारास निघतात आणि नऊच्या आत आटोपतात. काही तर मध्यरात्री निघून पहाटे संपतात. सकाळच्या थंड हवेचे आणि बाजारांच्या लगबगीचे कारण त्यामागे आहेच. परंतु खरे कारण कोणताही वाटाड्या सांगेल: नऊनंतर हे रस्ते सायकलस्वाराला सुरक्षित राहत नाहीत. म्हणजे जगातील एका प्रमुख महानगराचे दर्शन सायकलवरून घ्यायचे, तर ते महानगर झोपेत असताना किंवा नुकतेच डोळे चोळत असताना घ्यावे लागते. शहर जागे झाले की सायकलने रस्ता सोडायचा, असा हा अलिखित नियम आहे. सहलीत दिसणारी वारसास्थळे जितकी विचार करायला लावतात, तितकाच हा नियमही लावतो.

या पहाटेच्या रस्त्यावर सायकल चालविणाऱ्यांचे तीन वर्ग स्पष्ट दिसतात. पहिला सहलीला आलेल्यांचा. दुसरा हौशी सायकलपटूंचा. त्यांच्या परदेशी बनावटीच्या सायकलींच्या किमती लाखाच्या घरात जातात आणि सूर्य वर येण्यापूर्वी ते घरी परततात. तिसरा वर्ग मात्र दिवसभर रस्त्यावरच असतो. पाठीमागे पावाची भली मोठी टोपली बांधलेला पाववाला, भोंगा वाजवीत गल्लोगल्ली फिरणारा इडलीवाला, दुधाचे कॅन लटकावलेला भैय्या, सायकललाच धारेचे चाक जोडलेला धारवाला, चहाचा थर्मास घेऊन रात्रभर हिंडणारा विक्रेता, आणि ज्यांचे कौतुक जगभर झाले ते डबेवाले. डबेवाल्यांच्या व्यवस्थेचे गोडवे व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत गायले जातात. पण त्या साखळीतील अखेरचा दुवा, म्हणजे स्टेशनपासून कचेरीपर्यंतची सायकल, कोणत्या रस्त्यावरून जाते आणि कशी जाते, याकडे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

नगरनियोजनाला या तिघांपैकी पहिले दोघेच दिसतात, असे गेल्या काही वर्षांचा अनुभव सांगतो. २०१७च्या डिसेंबरमध्ये महापालिकेने एनसीपीए ते वरळी अशी सायकल मार्गिका मोठ्या थाटात सुरू केली. ती होती रविवारी, आणि तीही सकाळच्या काही तासांपुरती. वाहतूक पोलिसांनी २०२२ मध्ये काही रस्ते मोटारींना बंद करून ते नागरिकांना खेळण्या-बागडण्यासाठी मोकळे केले, तेही रविवारी सकाळीच. हे उपक्रम चांगलेच होते. मुलांना रस्त्यावर मनसोक्त सायकल चालविता येणे ही महानगरात लहान गोष्ट नव्हे. परंतु पाववाल्याला आणि डबेवाल्याला सोमवारीही जावे लागते. सायकल ही करमणूक आहे असे गृहीत धरले, की तिच्या वाट्याला सुट्टीची सकाळ येते. ती वाहन आहे असे मानले, तर तिला रस्त्यात कायमची जागा द्यावी लागते. ही दुसरी पायरी चढण्यास मुंबई आजवर तयार झालेली नाही.

कामाच्या दिवसांसाठी जो मोठा प्रयोग झाला त्याचा शेवटही बोलका आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सायकल मार्गिका बांधली. तिच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि ती आजूबाजूच्या वस्तीशी व स्टेशनांशी धडपणे जोडलीही गेली नाही. वापर होत नाही म्हणून २०२५ मध्ये ही मार्गिका काढून ती जागा मोटारींना देण्याचा निर्णय झाला. ज्या मार्गिकेचे एक टोकही घरापाशी किंवा स्टेशनापाशी पोहोचत नाही तिचा वापर कोण करणार, याचा विचार ती बांधतानाही झाला नाही आणि मोडतानाही झाला नाही. नळ जोडलाच नाही आणि पाण्याला मागणी नाही म्हणून टाकी पाडली, अशातला हा प्रकार आहे.

दुसऱ्या बाजूस मोटारींसाठी काय झाले तेही पाहावे. २००२ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकींना बंदी आहे. सहलीतले सायकलस्वार क्रॉफर्ड मार्केटकडून पुढे जाताना त्याच्या पायथ्यावरून जातात. २००९ मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलला प्रवेश नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या, सुमारे १७ हजार ८०० कोटी रुपये खर्चाच्या अटल सेतूवर नाही, आणि २०२४च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या, सुमारे १४ हजार कोटींच्या किनारी रस्त्यावरही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या मोटारींचा टोल माफ झाला. किनारी रस्त्यालगतची विहारवाट ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी उघडली, हे स्वागतार्हच आहे. परंतु विहाराची वाट आणि कामावर जाण्याचा रस्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ताशी ऐंशी किलोमीटरने धावणाऱ्या मोटारींमध्ये सायकलला सोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय, आणि द्रुतगती रस्त्यांवरील बंदी सुरक्षेच्या दृष्टीने चूक म्हणता येत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. किनारी रस्त्याचे समर्थन करताना पेडर रोड आणि हाजी अली परिसराचा भार हलका होईल, असे सांगितले गेले होते. तो भार जेवढा हलका झाला, तेवढी जागा कोणाला मिळाली? वेगवान वाहने नव्या रस्त्यावर गेल्यानंतर जुन्या रस्त्याचा एक पट्टा बस, सायकल आणि पादचारी यांना देण्याची संधी आपोआप चालून येते. ती घेतली नाही, तर ती जागा काही काळात पुन्हा मोटारीच भरून काढतात, हा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे.

'मुंबईचा उकाडा, चार महिन्यांचा पाऊस आणि लांबलचक अंतरे पाहता येथे सायकल चालायची नाही', हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. विरारहून चर्चगेटला सायकलने या, असे कोणी म्हणत नाही. ते अंतर लोकल तोडते. अडते ते घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी या दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यांवर, जेथे रिक्षाची रांग आणि भरलेली बस यांत प्रवाशाची अर्धी शक्ती खर्च होते. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली. अशा प्रत्येक स्टेशनाबाहेर सायकल कुलूपबंद ठेवण्याची छप्पर असलेली जागा असणे ही चैन नव्हे, त्या हजारो कोटींच्या गुंतवणुकीचा पुरेपूर उपयोग करून घेण्याचा तो स्वस्त उपाय आहे. राहिला पाऊस. तो डबेवाल्यांनाही लागतो, आणि डबा तरीही पोहोचतो.

सायकल हे मूठभरांचे खूळ आहे हा समजही आकड्यांवर टिकत नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मोटार, जीप वा व्हॅन असलेली कुटुंबे पाच टक्क्यांहूनही कमी होती. त्यापूर्वीच, २००६ मध्ये, केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यावरील जागेचे वाटप वाहनांऐवजी माणसे डोळ्यांपुढे ठेवून करावे, असे तत्त्व मांडले होते. तत्त्व कागदावर येऊन वीस वर्षे होत आली. महानगरांचे रस्ते त्या कागदाला अद्याप ओळखत नाहीत.

या परिस्थितीत सायकल सहली चालविणारे तरुण शहराच्या फार उपयोगाचे ठरू शकतात. कोणत्या वळणावर चाक अडकेल अशी जाळी आहे, कोणत्या गल्लीत खोदकामाचा खड्डा बुजवून राहिलेला उंचवटा आहे, कोठे दुहेरी पार्किंगमुळे मधल्या मार्गिकेत यावे लागते, याची इतकी बारीक नोंद कोणत्याही खात्याच्या दप्तरात नसेल. दररोज तेच रस्ते सायकलवरून तपासणारी ही मंडळी आहेत. त्यांना, आणि त्यांच्यापेक्षाही डबेवाल्यांना व फेरीवाल्यांना, रस्त्यांचे आराखडे ठरताना बोलावून विचारण्यास एक पैसाही लागत नाही. त्यासाठी नवे महामंडळ नको, की सल्लागार कंपनीही नको.

सहलीचे आकर्षण वाढत राहील आणि वाढावेही. आपले शहर हळू गतीने पाहण्याची सवय नागरिकांना लागणे चांगलेच. मात्र एवढ्यावर समाधान मानले, तर मुंबईत सायकल ही पाहुण्यांना दाखविण्याची वस्तू होऊन राहील. महापालिका आणि प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनीही ही सहल एकदा अवश्य करावी. फक्त ती सकाळी सहाला न करता कामाच्या दिवशी दहा वाजता करावी. क्रॉफर्ड मार्केटच्या चौकात उड्डाणपुलाच्या पायथ्याशी, एका बाजूस बस आणि दुसऱ्या बाजूस टॅक्सी असताना, पाववाल्याच्या मागोमाग सायकल काढून पाहावी. रस्ता कोणासाठी आहे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास त्यांना मग अहवालाची गरज भासणार नाही.