तक्रार नाही म्हणून दुखत नाही?

‘हर्नियाचं ऑपरेशन ते केवढं, त्यात संशोधन कसलं करायचं?’ एका ज्येष्ठ सर्जनांनी व्याख्यानात असा सूर लावला आणि सभागृहाने माना डोलावल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कापलं तिथे दुखणारच. माझे रुग्ण तक्रार करत नाहीत. हर्निया पुन्हा आला नाही की ऑपरेशन यशस्वी. वेदना मोजत बसण्याची चैन श्रीमंत देशांना परवडते, आपल्याला नाही.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढू. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात एका सर्जनांनी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये आत बसवायच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं, नोंदी ठेवल्या आणि 2003 मध्ये त्या छापल्या. पुढे युगांडात 302 पुरुषांवर स्वस्त आणि महाग जाळीची तुलना झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता. संशोधनाची सर्वाधिक गरज गरिबालाच असते.

आता त्या ‘तक्रार करत नाहीत’कडे वळतो, कारण खरा संताप मला त्याचाच येतो. आपल्याकडे हे ऑपरेशन बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून होतं. सर्जन बघायला येतात तेव्हा रुग्ण उताणा पडलेला असतो, भूलही पुरती उतरलेली नसते. ‘काय काका, बरंय ना?’ ‘हो डॉक्टर.’ केसपेपरवर शेरा पडतो : तक्रार नाही. रात्री हेच काका खोकला आला की जांघेवर उशी दाबून धरतात, कुशीवर वळताना पलंगाची दांडी पकडतात आणि लघवीला उठायचं पुढे ढकलत राहतात. वेदनाशामकापुढे ‘एसओएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे लागलं तरच द्यायचं. लागलं हे सांगायचं कोणी? सिस्टर एकट्या अख्खा वॉर्ड सांभाळत असतात आणि एवढ्याशा ऑपरेशनला कण्हतो म्हणून लोक हसतील, ही भीती असतेच. सकाळी राउंड येतो. पुन्हा ‘बरंय ना?’, पुन्हा ‘हो’. या दोन शब्दांच्या भिडेला व्याख्याते तीस वर्षांचा अनुभव म्हणतात! वेदना मोजायची तर रुग्णाला खोकायला सांगावं, उठवून बसवावं, चार पावलं चालवावं आणि मग 0 ते 10 मध्ये किती, ते विचारावं. संशोधनात हालचालीतली वेदना वेगळी नोंदतात ती याचसाठी.

बाळंतपणाच्या कळांबद्दलही हाच युक्तिवाद आपण ऐकत आलो : आमच्या आया कुठे ओरडल्या? ओरडल्या. ऐकायला कोणी खोलीत नव्हतं.

‘पुन्हा आला नाही’ हाही अर्धाच निकष आहे. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर 10 ते 12 टक्के रुग्णांना तीन महिन्यांपलीकडेही दुखत राहतं आणि सुरुवातीची तीव्र वेदना हा त्याचा धोका वाढवणारा एक घटक आहे. हमालाला पोतं उचलता येत नसेल, तर हर्निया आला नाही या समाधानाचं त्याने काय करावं?

मग करावं काय? फार मोठं काही नाही. ऑपरेशनच्या वेळी जांघेत स्थानिक भुलीचं औषध भरावं. पॅरासिटामॉल घड्याळ लावून द्यावं, रुग्णाने मागायची वाट बघू नये. मूत्रपिंड आणि जठर ठीक असेल तर जोडीला सूज उतरवणारी गोळी द्यावी. तीन महिन्यांनी एक फोन करून विचारावं : उकिडवं बसता येतं का, ओझं उचलता येतं का? उत्तरं वहीत लिहावीत. जिल्हा रुग्णालयांनी अशा वह्या ठेवल्या तर कोणती पद्धत कमी दुखवते, हे आपल्याच रुग्णांवरून कळेल.

व्याख्यात्यांनी गेल्या वर्षीच्या आपल्या रुग्णांना असे फोन करावेत आणि मिळालेली उत्तरं पुढच्या व्याख्यानात वाचून दाखवावीत.