विश्लेषण : घराच्या आवारात लोखंडी शेड उभारलं, तर महापालिकेची परवानगी लागते का?

बंगल्याच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे लेथ, वेल्डिंग मशीन किंवा सुतारकामाचं सामान ठेवायचं आहे. विटा-सिमेंटचं बांधकाम महाग पडतं, वेळही जातो. मग तयार लोखंडी सांगाडा आणून नटबोल्टने जोडायचा, वर रंगीत पत्रे टाकायचे, की काही दिवसांत वर्कशॉप तयार. पुण्यात आणि आसपासच्या गावांत हा मार्ग अनेक जण निवडतात. ‘हे काही पक्कं बांधकाम नाही, उद्या उचलून नेता येईल, त्यामुळे परवानगी लागत नाही’ असंही सर्रास सांगितलं जातं. कायदा मात्र तसं सांगत नाही.

पत्र्याचं शेड ‘बांधकाम’ ठरतं का?

हो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये ‘इमारत’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. त्यात घर आणि गोठ्याबरोबर शेड आणि झोपडीचाही स्पष्ट उल्लेख आहे. ते वीट, लाकूड, माती, धातू किंवा इतर कशाचंही असो आणि त्यात माणूस राहत असो वा नसो, ती इमारतच.

दुसरा कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. यात बांधकामाबरोबर जमिनीच्या वापरात केलेला मोठा बदलही ‘विकास’ समजला जातो. म्हणजे घराच्या अंगणात कारखाना सुरू करणं हा स्वतंत्र मुद्दा आहे. सांगाडा बोल्टचा आहे की वेल्डिंगचा, याने फरक पडत नाही.

‘तात्पुरतं’ म्हटलं तर सुटका होते का?

उलट अडचण वाढू शकते. तात्पुरत्या बांधकामालाही परवानगी घ्यावी लागते आणि ती ठरावीक मुदतीसाठी असते. मांडव, प्रदर्शन, पावसाळ्यापुरता आडोसा अशा कामांसाठी ती सोय आहे. वर्षानुवर्षं चालणारं वर्कशॉप त्यात बसत नाही.

विनापरवाना तात्पुरत्या बांधकामासाठी १९६६ च्या कायद्यात कलम ५५ आहे. त्यानुसार १५ दिवसांत ते काढून टाकण्याचा लेखी आदेश देता येतो आणि मालकाने ऐकलं नाही, तर ते थेट हटवण्याची तरतूद आहे.

कुदळवाडीत काय घडलं होतं?

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडने पाहिलं. चिखली-कुदळवाडी भागात महापालिकेने ८ फेब्रुवारीपासून आठवडाभर कारवाई केली. भंगाराची गोदामं, छोटी वर्कशॉप आणि पत्र्याची शेड मिळून चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली गेली.

अनधिकृत बांधकाम, विकास आराखड्यातले रस्ते, प्रदूषण आणि वारंवार लागणाऱ्या आगी ही कारणं महापालिकेने पुढे केली. ९ डिसेंबर २०२४ ला याच भागात भंगार गोदामांना मोठी आग लागली होती. दुसरीकडे, कर भरतो, वीजजोड अधिकृत आहे, शेकडो कामगार अवलंबून आहेत, असं तिथल्या व्यावसायिकांचं म्हणणं होतं. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजकही त्यात होते.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीचा वाहनउद्योग अशाच छोट्या युनिटवर उभा राहिला. एमआयडीसीतला भूखंड अनेकांच्या आवाक्याबाहेर असतो, त्यामुळे काम घराजवळच्या शेडमध्ये सुरू होतं. पण शेड अनधिकृत असेल, तर कराची पावती त्याला वाचवू शकत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ नुसार अनधिकृत इमारतीवर शास्ती आकारता येते आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही तिथेच नमूद आहे.

निवासी भागात वर्कशॉप चालवता येतं का?

सरसकट बंदी नाही आणि सरसकट मुभाही नाही. राज्यात मुंबईसारखे काही अपवाद वगळता डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. निवासी विभागात कोणते सेवा उद्योग चालतील, हे तीत दिलं आहे. यंत्रांची अश्वशक्ती, कामगारांची संख्या आणि जागेचं क्षेत्रफळ यांना मर्यादा आहेत. समोरचा रस्ता किती रुंद आहे, यावरही बरंच अवलंबून असतं.

शेडचं क्षेत्रफळ सर्वसाधारणपणे एफएसआयमध्ये मोजलं जातं. घराभोवती सोडलेली सामासिक जागा म्हणजे मार्जिन. बहुतेक शेड तिथेच उभी राहतात आणि तिथेच अडकतात. ही जागा हवा-उजेडासाठी आणि आग लागल्यास बंब आत येण्यासाठी मोकळी ठेवलेली असते.

आवाजाचा नियम वेगळा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. औद्योगिक भागात ती अनुक्रमे ७५ आणि ७० आहे. ग्राइंडर किंवा पत्रा कापण्याचं मशीन ५५ ची मर्यादा सहज ओलांडतं. शेजाऱ्यांची तक्रार बहुधा इथूनच सुरू होते.

पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. त्याच मिळकतीत व्यवसाय सुरू झाला, तर त्या भागाची आकारणी बिगरनिवासी दराने होऊ शकते.

नियम बाजूला ठेवले, तर शेड सुरक्षित असतं का?

ते कसं उभारलं, यावर अवलंबून आहे. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. ताशी हिशेबाने हा वेग सुमारे १४० किलोमीटर होतो. पत्र्याचं छप्पर हलकं असतं. जोराचा वारा ते दाबण्यापेक्षा वर उचलतो. म्हणून अशा शेडच्या पायाला वजन पेलण्याइतकंच शेड जमिनीला धरून ठेवण्याचं काम असतं. फरशीवर ठोकलेले चार बोल्ट त्याला पुरत नाहीत.

लोखंडी सांगाडा वाऱ्यात कोसळला तर काय होतं, हे १७ एप्रिल २०२३ ला किवळेत दिसलं. तिथे वादळी पावसात होर्डिंग पडून पाच जणांचा जीव गेला.

दुसरा धोका आगीचा. पोलाद जळत नाही, पण साधारण ५५० अंश सेल्सिअसला त्याची ताकद जवळपास निम्मी होते आणि सांगाडा वाकू लागतो. ८ डिसेंबर २०२३ ला तळवडेत विनापरवाना चालणाऱ्या स्पार्कल मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागून दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतांश महिला कामगार होत्या. ज्वलनशील माल आणि बाहेर पडायला अपुरी वाट हे दोन्ही एका शेडमध्ये एकत्र आले, की काही मिनिटंही हाती राहत नाहीत.

नोटीस आलीच तर?

१३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी बंधनकारक केली. रस्ता, पदपथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. हे संरक्षण प्रक्रियेचं आहे. अनधिकृत बांधकाम त्याने अधिकृत होत नाही.

१७ डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने सूर आणखी कडक केला. अनधिकृत इमारतीत व्यवसायाचा परवाना देऊ नये आणि बँकांनीही कागदपत्रं तपासूनच कर्ज द्यावं, असे निर्देश त्यात आहेत. म्हणजे शेड पाडलं गेलं नाही, तरी त्यातला धंदा वाढवणं अवघड होतं.

मग आधी काय तपासावं?

• झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. जागा निवासी, औद्योगिक, आरक्षित की पूररेषेत, हे त्यातून कळतं.

• जागा कोणत्या प्राधिकरणाकडे आहे, ते पाहा. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, नंतर त्यातली काही पुन्हा वेगळी झाली. अर्ज महापालिकेकडे की पीएमआरडीएकडे, याची खात्री करा.

• सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि जमीन शेतीची असेल तर अकृषिक वापराची स्थिती तपासा. प्लॉट सोसायटीचा असेल, तर ना-हरकत पत्र लागू शकतं.

• शिल्लक एफएसआय आणि मार्जिन परवानाधारक आर्किटेक्टकडून मोजून घ्या. सांगाड्याचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं असू द्या.

• या सगळ्यानंतरच फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम द्या.

जागा नियमात बसत नसेल, तर हडपसर किंवा पर्वतीसारख्या औद्योगिक वसाहतीत भाड्याने गाळा घेणं हा पर्याय उरतो. दरमहा भाडं जातं, हे खरं. पण ‘उचलून नेता येणारं’ शेड पाडकामात गेलं, तर हाती वाकलेले पत्रे येतात. पाया, वायरिंग, मशीन बसवण्याचा खर्च आणि थांबलेल्या ऑर्डरी, यातलं काहीही उचलून नेता येत नाही.