पुट्टीखालचा गंज

चवथ जवळ आली की आपल्याकडच्या जुन्या गाड्या रंग लावून दारात उभ्या राहतात. वरून कीर्तन, आतून तमाशा! वास्को-पणजीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा खालून खातो. पुट्टी ते फक्त झाकते.

'जुनी झाली, काढून टाका' हा सल्लाही तितकाच आळशी. 15 वर्षांनंतरही तपासणीत पास झाली तर खासगी गाडीची नोंदणी पुढे 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. प्रश्न वयाचा नाही, गंज कुठे आहे याचा आहे. दार, बॉनेट, मडगार्ड गंजले? खुशाल दुरुस्त करा. पण मारुती 800 सारख्या गाडीला वेगळी चॅसी नसते. तळाचा आणि दाराखालचा पत्रा हाच तिचा सांगाडा. गाडी वर उचलून तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सस्पेन्शनच्या जोडाजवळ तो आरपार गेला, तर ठिगळ लावू नका. शेजारचा कुजका पत्रा वेल्डिंग धरत नाही. गाडी सरळ भंगारात द्या.

वडिलांची आठवण आहे म्हणता? मग फोटो ठेवा. त्या पत्र्यावर नातवंडांना बसवून चोर्ल्याचा घाट उतरू नका. आणि रंगवून ती दुसऱ्याच्या गळ्यात तर मुळीच मारू नका.