पाण्याचे आकडे आणि मासळीचा श्वास

लोअर परळच्या गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु या वस्तीचे मैलापाणी मात्र पूर्वीप्रमाणेच वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्राची वाट धरते आणि समुद्राखालील सुमारे ३.४ किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून अरबी समुद्रास मिळते. वरळी येथे रोज ५० कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करू शकणाऱ्या प्रकल्पाची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि, त्यामुळे समुद्र सुधारला की नाही, हे ठरवावयाचे कशावरून? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ वरळी, दादर, हाजी अली, माहीम या ठिकाणी पाण्याचे नमुने घेते, त्यांच्या आकड्यांवरून, हे उघड उत्तर. तेव्हा हे आकडे मासळीच्या बाजूने कितपत साक्ष देतात, हे आधी तपासावयास हवे.

कोणी खोटे आकडे लिहितो, असा आरोप येथे करावयाचा नाही. आकडा खरा असूनही साक्ष अपुरी असू शकते. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचेच पाहा. दिवसा सूक्ष्म वनस्पती व शेवाळ तो पाण्यात सोडतात, त्यामुळे दुपारनंतर त्याचे प्रमाण चढते. रात्री त्याच वनस्पती तो वापरतात आणि पहाटे ते सर्वांत खाली जाते. मैलापाण्याने माजलेल्या उथळ पाण्यात ही चढउतार फार मोठी असते. मासा गुदमरतो तो पहाटे. नमुना घेतला जातो तो महिन्यातून एकदा आणि सर्वसाधारणपणे दिवसाउजेडी. केंद्रीय मंडळाच्या वार्षिक तक्त्यांत प्रत्येक ठिकाणापुढे किमान व कमाल आकडा दिलेला असतो. पण असल्या बारा नमुन्यांतील किमान म्हणजे वर्षाचे किमान नव्हे. शिक्षकाने केवळ सहलीच्या दिवशी हजेरी घ्यावी आणि वर्गाची उपस्थिती उत्तम ठरवावी, त्यातलाच हा प्रकार!

वरळीच्या उत्तरेस माहीमच्या खाडीत यावर भरती-ओहोटीची भर पडते. भरतीच्या वेळी भरलेल्या बाटलीत समुद्र येतो, ओहोटीच्या वेळी भरलेल्या बाटलीत मिठी नदी येते. नमुन्याची घटका आणि भरतीची स्थिती शेजारी छापलेली नसेल, तर दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलना करून सुधारणा झाली म्हणणे किंवा ऱ्हास झाला म्हणणे, दोन्ही सारखेच निराधार ठरते.

सर्वांत अधिक दिशाभूल होते ती निर्देशांकामुळे. प्राणवायूला ०.३१, विष्ठेतील जिवाणूंना ०.२८, सामूला ०.२२ आणि जैविक प्राणवायू-मागणीला ०.१९ असे भार देऊन बेरीज केली जाते आणि ६३ च्या वर गेलेले पाणी चांगले गणले जाते. आता, समुद्राचा सामू निसर्गतःच ८ च्या आसपास असतो. म्हणजे या विषयाचे चांगले गुण समुद्राला काहीही न करता मिळतात आणि प्राणवायूत पडलेली तूट त्यांनी काही अंशी झाकली जाते. परीक्षेत एका विषयातील गुणांनी दुसऱ्यातील नापासी भरून निघत असेल. कल्ल्यांचा हिशेब तसा चालत नाही. शिवाय जिवाणूंची मोजणी मुख्यतः स्नान करणाऱ्या माणसासाठी आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ खाली ठरलेल्या निकषांतही स्नान व व्यापारी मासेमारी यांना एकाच वर्गात बसवून प्राणवायूची मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या ५० टक्के, यांपैकी जी अधिक असेल ती, अशी ठेवली आहे. स्नान करणारा तासाभरात बाहेर पडतो. मासा कोठे जाणार?

अमोनियाला तर या निर्देशांकात स्थानच नाही. त्यातील विषारी असा मुक्त भाग सामू व तापमानावर अवलंबून असतो. सामू ७ वरून ८ झाला की तो सुमारे दसपट होतो. म्हणून एकूण अमोनियाचा आकडा एकटा निरुपयोगी. त्याच नमुन्याचा सामू व तापमान त्याच्या सोबत हवे. धातूंच्या रकान्यात ‘शोधमर्यादेखाली’ असा शेरा असतो. तो वाचून पुष्कळांना शून्य असे वाटते. परंतु जलचराला इजा करणारे प्रमाण उपकरणाच्या शोधमर्यादेहून लहान असेल, तर त्या शेऱ्याने काहीच सिद्ध होत नाही.

यावर उपाय अवाढव्य खर्चाचे नाहीत. प्रत्येक आकड्यापुढे वेळ, भरतीची स्थिती, खोली व तापमान छापावे. धातूंपुढे शोधमर्यादा लिहावी. आणि मार्च ते मे या उन्हाच्या महिन्यांत निदान काही नमुने सूर्योदयापूर्वी, ओहोटीच्या पाण्यातून घ्यावेत. प्रयोगशाळेतील विश्लेषक जागचे हलत नसतील, तर माणसे वरळी कोळीवाड्यात आहेत. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांतील अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला, तो याच मच्छीमारांच्या विरोधामुळे. पहाटे होडी काढणाऱ्या त्यांच्यापैकी दोघा-चौघांना बाटली भरण्याचे आणि प्राणवायू जागीच स्थिर करण्याची दोन रसायने घालण्याचे शिक्षण द्यावयास एक आठवडाही लागणार नाही.