पट्ट्यांवर पहिला हक्क चालणाऱ्याचा

रस्ता सार्वजनिक आहे, हे वाक्य नागरिकशास्त्राच्या पुस्तकात निरुपद्रवी वाटते. इतिहासात ते तसे नव्हते. १९२४ साली त्रावणकोर संस्थानातील वैकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालता यावे, एवढ्या मागणीसाठी सत्याग्रह करावा लागला. ज्यांच्या वाडवडिलांना रस्ता नाकारला गेला, त्यांची लेकरे आज मोटारींची मालक आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. म्हणूनच माजी विद्यार्थ्यांना विचारावेसे वाटते: झेब्रा क्रॉसिंगपाशी आपली गाडी थांबते काय?

२०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांनुसार, सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगपाशी चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्यास वाट दिली पाहिजे. पुढे वाहने खोळंबली असतील, तर पट्ट्यांवर गाडी नेऊन उभी करण्यासही मनाई आहे. आपल्याकडे मात्र पट्टे जवळ येताच हॉर्न वाजतो. २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

सर्वांत घातक सवय म्हणजे पट्ट्यांपाशी थांबलेल्या वाहनाच्या बाजूने आपले वाहन पुढे काढणे. ते का थांबले, हा प्रश्न मागच्याला पडतच नाही. एसटीच्या आडून रस्ता ओलांडणारे दहा वर्षांचे मूल त्याला दिसत नाही आणि मुलालाही त्याची मोटारसायकल दिसत नाही. पुढचा थांबला, तर आपणही थांबावे.

मुलांनाही शिस्त हवी, हे मान्य. आमच्या वसतिगृहातील बरीच मुले वाड्या-तांड्यांवरून येतात. असे पट्टे त्यांनी पाहिलेलेच नसतात. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून पहिले वाहन उजवीकडून येते. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहावे. गाडी खरोखर थांबल्यावरच पाऊल टाकावे. सायकल असल्यास उतरून हाताने न्यावी. मोबाइलविषयी मुलांना काय सांगावे? तो दोष थोरांचाच अधिक. परंतु चुकणारे मूल आणि चुकणारा चालक यांना एकाच मापाने मोजणे आम्हांस मान्य नाही. चूक कोणाचीही असो, जीव बहुधा चालणाऱ्याचाच जातो.

आपल्या शाळेच्या फाटकासमोरील पट्टे पुसट झाले आहेत. जूनपूर्वी ते रंगवून मिळावेत, यासाठीचा अर्ज कार्यालयात ठेवला आहे. समारंभास येणाऱ्या पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी त्यावर सही करावी. आणि त्या दिवशी गाड्या फाटकापासून दूर, पट्टे मोकळे ठेवून लावाव्यात.