सुरू म्हणजे पाइन नव्हे

खेड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे आला की डोंगरावरच्या धनगरवाड्यांना अनेकदा टँकरची वाट पाहावी लागते. विहिरीच्या तळातून खरवडून आणलेले पाणी निर्धोक असेलच असे नाही. अशा वेळी ‘झाडाच्या फांदीतून पाणी गाळा, जंतू अडतील’ असे कुणी म्हणाले, तर कान टवकारले जाणारच.

ही थाप नव्हे. मुंबई आयआयटीत शिकलेले रोहित कर्णिक आणि त्यांचे एमआयटीतील सहकारी यांनी २०१४ साली पाइनच्या फांदीचा ताजा तुकडा नळीत बसवून पाणी गाळले. त्यात ९९ टक्क्यांहून अधिक जिवाणू अडले. २०२१ साली याच संशोधनाचा पुढचा टप्पा प्रसिद्ध झाला; त्यात भारतातील झऱ्याचे आणि नळाचे पाणीही तपासले होते.

किमया आहे ती लाकडाच्या घडणीत. पाइन, देवदार अशा सूचिपर्णी झाडांत पाणी चढवणाऱ्या नळ्या जेमतेम काही मिलिमीटरच्या आणि दोन्ही टोकांना बंद असतात. एका नळीतून दुसरीत जायचे ते भिंतीतल्या बारीक खिडकीतून, आणि त्या खिडकीला जाळीदार पडदा. झाडाला तो हवेचा बुडबुडा पसरू नये म्हणून लागतो. पाणी सावकाश चढते, पण धार सहसा तुटत नाही. त्याच जाळीत जिवाणू अडकतात.

आपल्या सागाची, ऐनाची, आंब्याची तऱ्हा निराळी. त्यांच्या पेशी एकीला एक जोडून लांब, मोकळे पाइप बनतात. पाणी झपाट्याने चढते. पण तुकडा आखूड असेल तर जंतूही सहज पार होतात.

आणि खरा चकवा सुरूचा. दापोलीच्या किनाऱ्यावर दिसणारे हे झाड थेट पाइनसारखे. पण त्याच्या ‘सुया’ म्हणजे सांधेदार हिरव्या डहाळ्या. ते फुलझाडांच्या कुळातले आणि त्याच्या लाकडात मोकळे पाइप.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : दुसरीकडचे शोध जरूर घ्यावेत, पण त्यामागच्या कारणासकट. दापोलीचे कृषी विद्यापीठ शेजारीच आहे; स्थानिक लाकडांची चाचणी तिथे व्हावी. तोवर वाडीवरच्या आईने पाणी उकळूनच मुलाला द्यावे. आणि ते पाणी वाडीपर्यंत बारमाही, तपासून पोचवण्याची जबाबदारी कुठल्याही फांदीवर टाकता येणार नाही. ती शासनाचीच आहे.