डुकरांचा दाखला : नुसता कागद नव्हे

“डुकरे माझी, टेम्पोही माझा, मग दाखला कशाला?” असे चार-सहा डुकरे पाळणारे अनेक जण विचारतात. परंतु रोग मालक कोण हे पाहत नाही. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत २००१ साली डुकरांसाठी तरतुदी आल्या. लांबच्या प्रवासाला पशुवैद्यकाचा दाखला, दाणापाणी, प्रथमोपचाराचे साहित्य व खाली पेंढ्याचा थर हवा. अंतर थोडे असले तरी तपासणी टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात प्रथम आढळला. तो माणसाला होत नाही. पण डुकराला झाल्यास त्यावर औषध नाही. त्याचे विषाणू टेम्पोची चाके, कपडे, चपला यांमार्फतही पसरतात. आजारी जनावर घाईने बाजारात नेले, तर शेजाऱ्याचीही डुकरे दगावतील. फेरीनंतर टेम्पो धुऊन जंतुनाशक फवारावे.

मात्र दाखल्यापायी गरिबाची दिवसाची मजुरी बुडू नये. बाजाराच्या आदल्या दिवशी दवाखान्यात तपासणीची ठराविक वेळ ठेवावी, अशी पशुसंवर्धन खात्याला विनंती आहे.